सुबानामामांचा मोकळा कोपरा

फार वर्षांपूर्वी, कुंभोळीत फुटबॉल होता पण मैदान नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. पोरं नांगरटीत खेळायची आणि ढेकळांवर पाय मुरगळून घ्यायची. गावाच्या पूर्वेला एक तळं होतं. दुष्काळात ते आटलं, ते आटलंच. सुबाना चौगुले हा गावच्या संघाचा गोलकीपर. त्यानं मनावर घेतलं, मैदान करायचं तर इथंच.

तळ्याच्या बांधावर गौराक्का राहायची. तळ्याची पूजा तिच्या घरात पिढीजात होती. ती सुबानाला म्हणाली, "तळं मेलं नाही बाबा, निजलंय. भर घाला, खुशाल खेळा. पण ईशान्येचा कोपरा मोकळा ठेवा. तिथनं ते श्वास घेतंय."

सुबानानं तिच्या पायाला हात लावून शब्द दिला. मग सारं गाव राबलं. गाड्या भरभरून मुरूम आला, हरळी लावली, सागवानी गोलपोस्ट उभे राहिले.

वर्षं गेली. गौराक्का वारली. सुबानाचे गुडघे गेले, तसा तो पंच झाला आणि सगळ्यांचा मामा झाला. मैदानाचं नाव झालं. कपडे बदलायला खोली आली, नळ आला, कडेनं बघ्यांना बसायला दगडी पायऱ्या चढल्या. फक्त ईशान्येला काही नव्हतं. लोक म्हणू लागले, तिथंही पायऱ्या करू. मामांनी बरेच दिवस टाळलं. पण त्यांनाही चहूबाजूंनी भरलेलं मैदान बघायचं होतं. एक दिवस ते म्हणाले, "बांधा."

असं म्हणतात, पाया खणला त्या दिवसापासून मामांना पायाखाली पाणी ऐकू येऊ लागलं. भर उन्हात त्या कोपऱ्यातलं गवत ओलं असायचं. मामा बायकोला विचारायचे, "तुला ऐकू येतंय का गं?" तिला काहीच ऐकू यायचं नाही.

मग फायनलचा दिवस आला. पायऱ्यांवर मुंगीला जागा नव्हती. खेळ रंगला असताना चेंडू त्या कोपऱ्यात गेला, थांबला आणि जागच्या जागी थरथरू लागला. मामांनी मान वर केली. सगळ्यात वरच्या पायरीवर गौराक्का बसली होती. लुगडं निथळत होतं. शेजारची माणसं थंडी वाजल्यासारखी अंग आखडून सरकत होती, पण तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. ती मामांकडे बघत होती.

मामांनी खेळ थांबवला आणि ते मैदानाच्या मधोमध मांडी घालून बसले.

कप्तान रघू धावत आला. "मामा, काय झालं? उठा की. पाहुणे बघायला लागलेत."

"उठत नाही. त्या कोपऱ्यातल्या लोकांना सांग, मला उठवायचं असलं तर सगळ्यांनी खाली यावं."

लोक चिडले. शिव्या देत, बाह्या सारत सगळे खाली उतरले. शेवटच्या माणसाचा पाय पायरीवरून सुटला आणि गुळाचा खडा पाण्यात विरावा तशा त्या पायऱ्या जमिनीत गेल्या. आवाज म्हणून झाला नाही. तिथं काळं पाणी उभं राहिलं.

मामा उठले आणि पाण्याकडे चालू लागले. रघूनं त्यांची बाही धरली. पाणी अजून लांब होतं, पण बाही चिंब भिजलेली होती.

"सोड पोरा," मामा म्हणाले. "शब्द माझा होता."

ते पाण्यात उतरले तेव्हा तरंगसुद्धा उठला नाही, असं म्हणतात. सकाळी तिथं पाणी नव्हतं, दगड नव्हते, मामाही नव्हते. हरळी तेवढी होती, कोरडी.

आता कुंभोळीच्या मैदानावर मोठे दिवे आहेत, खेळाडूंना न्हाणीघरं आहेत, बाहेरगावचे संघ हौसेनं येतात. ईशान्येचा कोपरा मात्र मोकळा आहे. मॅच सुरू व्हायच्या आधी सगळे प्रेक्षक पायऱ्यांवरून खाली उतरतात. दोन्ही संघ मधोमध मांडी घालून बसतात. पंच त्या कोपऱ्याकडे तोंड करून विचारतो, "मामा, खेळू का?"

थोडा वेळ सगळे कान देऊन बसतात. काही ऐकू आलं नाही, की खेळ सुरू होतो.

एकदाच उत्तर आलं होतं, म्हणे. त्या दिवशी कुणी चेंडूला पाय लावला नाही.