दोरी लावलेले हातमोजे

एकदा एका हिमप्रदेशातल्या गावातून एक अख्खा संघ उठून गेला. माणसे गाव सोडतात, नदी पात्र सोडते, हे आपण ऐकून असतो. पण खेळणारा संघच बिऱ्हाड हलवतो, हे त्या गावाने कधी ऐकले नव्हते. तिथे वर्षाचे सात महिने पाणी दगडासारखे गोठलेले, त्यामुळे लोकांचा सारा जीव एका खेळात, बर्फावरच्या हॉकीत. पायांत पोलादी पात्यांचे बूट, हातांत जाड चामडी मोजे, लांब काठी, आणि चेंडूच्या जागी रबराची काळी चकती. संघाचा मालक एक व्यापारी होता. त्याला दक्षिणेकडच्या शहरात याच्या चौपट मैदान मिळाले, आणि एका सकाळी चार गाड्यांत सामान भरून तो संघ घेऊन गेला. जाताना दोन शब्द बोलायलाही थांबला नाही. मागे राहिले मैदानाच्या दाराचे कुलूप, आणि कुलपावर साचत जाणारा बर्फ.

त्याच गावात चामड्याचे काम करणारा एक वृद्ध कारागीर राहत असे. चाळीस वर्षे संघाचे मोजे आणि बूट त्याच्या हाताखालून गेले होते. बोलणे मोजके, काम चोख. त्याच्यापाशी पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक शिष्य काम शिकत होता. हाताला सफाई होती. पण मन सगळे मैदानावर. सामन्याच्या दिवशी आरी-दाभण तसेच टाकून पळायची त्याला घाई. त्याचा आवाज असा खणखणीत, की घरी आईला हाक मारली तर शेजारच्या दोन बायकाही 'ओ' देत. चाहत्यांची घोषणा नेहमी तोच सुरू करी आणि मग हजार गळे ती उचलत.

संघ गेल्यापासून मात्र गावाला भांडण्यावाचून उद्योग उरला नव्हता. चहाच्या दुकानात रोज दुपारी बैठक भरे आणि तिचे लगेच दोन तट पडत. कारण असे होते. या खेळात एक विचित्र रीत होती. दोन खेळाडूंची जुंपली, की दोघे आधी हातांतले मोजे बर्फावर टाकत. मोजे पडले, की पंचही क्षणभर बाजूला सरत आणि मुठी चालत. एका तटाचे म्हणणे, या रक्तापायीच घरची माणसे मैदानावर येईनाशी झाली, बाके रिकामी पडली आणि संघ गेला. दुसऱ्या तटाचे म्हणणे बरोबर उलटे. नवे नियम आले, मारामारी कमी झाली, खेळ आळणी झाला, म्हणून बाके रिकामी पडली. शिष्य या दुसऱ्या तटाचा पुढारी.

"एवढं रक्त सोसत नव्हतं तर घरी बसून विणकाम करायचं होतं," तो म्हणे.

समोरचा उत्तर देई, "करतोच की. तुझ्या गुरूंकडून शिकावं म्हणतो. हल्ली तेच काम चाललंय ना त्यांचं?"

यावर दोन्ही तट हसत आणि शिष्याचे तोंड एवढेसे होई. कारण ते खरे होते. त्या हिवाळ्यात वृद्धाने चामडे बाजूला ठेवून लोकरीचे हातमोजे विणायला घेतले होते. तेही कसे, तर एका मोज्यापासून दुसऱ्या मोज्यापर्यंत लांब दोरी शिवलेले. लहान मुलांना घालतात तसे. दोरी कोटाच्या एका बाहीतून दुसऱ्या बाहीत ओवायची, म्हणजे मोजा हरवत नाही. पण हे मोजे चांगल्या धिप्पाड माणसाच्या मापाचे होते. शिष्याने एकदा विचारलेसुद्धा, "बाबा, एवढं मोठं मूल कुणाकडे जन्माला आलंय?" वृद्ध हसला नाही. त्याचा डावा हात तेव्हा गळ्यात बांधलेला होता. बर्फावर पाय घसरला, असे त्याने सांगितले होते. एका हाताने आणि दातांनी तो दोरीला गाठ मारत राहिला.

अशात व्यापाऱ्याचा निरोप आला. एक दिवस मैदान उघडतो, म्हणाला. जुना घण बर्फावर उतरवा, पूर्वीसारखी एक झुंज होऊ द्या. बाके खचाखच भरली, तर निम्मे सामने पुन्हा तुमच्या गावात.

घण म्हणजे कोण, हे सांगायला हवे. संघात एक गडी केवळ मारामारीसाठीच ठेवलेला होता. चकती त्याला फारशी साधत नसे. पण आपल्या खेळाडूला कुणी धक्का दिला, की घण मोजे टाकून पुढे होई. बारा वर्षे त्याने हेच केले. तो बर्फावर आला, की शिष्य बाकावर चढून ओरडे, "टाक मोजे, घणा, टाक!" आणि सारे मैदान तेच ओरडे. तीन वर्षांपूर्वी घण एकाएकी दिसेनासा झाला. कोणी म्हणे आजारी आहे, कोणी म्हणे पिऊन पडलेला असतो. मग त्याच्या जागी दुसरा आला, आणि लोकांनी घोषणेत तेवढे नाव बदलून घेतले.

व्यापाऱ्याचा निरोप ऐकून चहाच्या दुकानातले दोन्ही तट एका क्षणात एक झाले. आजवर रक्ताच्या नावाने नाक मुरडणारेही म्हणू लागले, की एकदाच तर आहे, गावासाठी आहे. प्रश्न एवढाच, की घण सापडायचा कुठे. तेव्हा चहावाला शिष्याला म्हणाला, की तुझे गुरू रोज दुपारी गाठोडे घेऊन कालव्यामागच्या आळीत जातात, तिथे घणाची बहीण राहते. गावात अशी गोष्ट लपत थोडीच. सगळ्यांच्या नजरा शिष्याकडे वळल्या. तुझा शब्द ते मोडणार नाहीत, म्हणाले; घणाला घेऊन ये, संघ परत येईल आणि गाव तुझे नाव काढील. शिष्याला आपले पाय जमिनीवर आहेत की नाहीत ते कळेना.

त्याने गुरूंना सगळे एका श्वासात सांगितले. वृद्धाने दाताने धागा तोडला, मोजे गाठोड्यात बांधले आणि म्हणाला, "चल. तूच विचार त्याला. पण तिथं हळू बोल."

आळीच्या टोकाला ते घर. बहिणीने दार उघडले, वृद्धाला पाहून बाजूला झाली, आणि मागे अनोळखी माणूस दिसताच थबकली. खिडक्यांवर घोंगड्या टांगलेल्या होत्या. बारा वर्षे डोक्यात ठोसे बसले, आता उजेडानेही त्याचे डोके दुखते, असे ती हळूच म्हणाली. आत चुलीजवळ एका बुटक्या पाटावर घण बसला होता. केस पांढरे झालेले, खांदे मात्र तसेच रुंद. पुढ्यात ताटात घेवड्याच्या बिया होत्या आणि तो त्यांतले खडे वेचत होता. एक खडा उचलून बाजूला ठेवी आणि जरा वेळाने तोच पुन्हा ताटात टाकी. त्या बोटांची पेरे सुजून दगडी झालेली होती.

"आज सामना आहे का?" त्याने वृद्धाला विचारले.

"नाही. आज सुट्टी."

"मग बरं," तो म्हणाला, आणि बिया निवडू लागला. मग मान वर करून त्याने पुन्हा तेच विचारले. वृद्धाने तेच उत्तर त्याच स्वरात दिले. तिसऱ्यांदाही दिले. बोलता बोलता त्याने घणाच्या कोटाच्या बाह्यांतून दोरी ओवली आणि त्याच्या हातांत नवे मोजे चढवले. हे सगळे इतके सावकाश चालले होते, की जणू पाण्याने काठोकाठ भरलेली परात तो हलवत होता.

शिष्य मात्र भारावून गेला होता. बारा वर्षे ज्याला त्याने दुरून पाहिले, तो हाताच्या अंतरावर बसला होता. याला काहीच आठवत नाही, पण आपला आवाज तर आठवेल, असे त्याला वाटले. मायेनेच वाटले. गुरूंनी काय बजावले होते ते तो विसरला आणि छाती भरून ओरडला, "टाक मोजे, घणा, टाक!"

ताट उपडे झाले. बहीण सवयीने सरकून भिंतीला चिकटली. घण उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात जोरात झटकले. मोजे हातांतून निसटले. पण खाली पडले नाहीत. दोरीला लोंबकळत राहिले. घणाच्या मुठी अर्ध्यावर आल्या होत्या. त्याने खाली पाहिले. मोजे पडण्याची तो वाट पाहत होता, आणि मोजे नुसते झुलत होते. त्याच्या चेहऱ्यावर वाट चुकलेल्या माणसाची कळा आली. समोर कोण आहे, आणि त्याला मारायचे आहे की नाही, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे होते.

वृद्ध दोन पावले पुढे झाला. एक मोजा हातात घेऊन म्हणाला, "बघ, पडले नाहीत. खेळ सुरू झालेला नाही." आणि त्याने दोन्ही मोजे पुन्हा चढवले. घण खाली बसला. त्याचा श्वास बराच वेळ खोलीभर ऐकू येत होता. शिष्य गुडघ्यांवर बसून जमिनीवरच्या बिया गोळा करू लागला. त्यातला एकही दाणा त्याला नीट दिसत नव्हता.

परतताना कालव्याच्या काठावर तो म्हणाला, "बाबा, तुमचा हात बर्फावर नव्हता मोडला."

"नव्हता," वृद्ध म्हणाला. "माझ्या हातून त्याचा मोजा जमिनीवर पडला. मोजा पडला की त्याला दुसरं काही सुचत नाही, तो तेवढंच शिकलेला आहे. त्याला शहाणं करणं माझ्या हाती नाही. मोजा पडू न देणं माझ्या हाती होतं, म्हणून दोरी शिवली."

वृद्ध थांबला आणि पुढे बोलला, "त्या व्यापाऱ्याचा तुम्हाला राग येतो, तो खोटा नाही. त्याला गावाकडून हवं ते मिळत होतं तोवर तो राहिला, मग पाठ फिरवून गेला. टाकून दिलं की काय वाटतं, हे गावाला आत्ता कळलंय. घणाला ते तीन वर्षं आधी कळलं होतं. बारा वर्षं तू त्याला हाक मारलीस, लेका. एकदा तरी त्याचं दार वाजवलंस? संघ गेला म्हणून गाव रडतं. अख्खा गेला नाही, त्यातला एकजण मागे राहिलाय, हे कुणाच्या ध्यानीसुद्धा नाही. आता विचार त्याला, येतोस का म्हणून. तू विचारशील तर तो येईल. तेवढंच मला भय आहे."

शिष्य चहाच्या दुकानात गेला तेव्हा सारे त्याचीच वाट पाहत होते. घण येणार नाही, एवढेच त्याने सांगितले.

"अरे, पण तू विचारलंस तरी का?" चहावाल्याने विचारले.

"विचारलं," शिष्य म्हणाला. "ओरडून विचारलं."

मग त्याने खोलीत जे पाहिले ते सांगायचा प्रयत्न केला. पण खालच्या आवाजात बोलण्याची त्याला सवय नव्हती आणि त्याचे खालच्या आवाजातले बोलणे ऐकण्याची गावाला नव्हती. कोणी म्हणाले घाबरला, कोणी म्हणाले म्हातारा फितवतोय. त्या दिवसानंतर त्या दुकानात त्याच्यासमोर चहाचा पेला कोणी आपणहून ठेवला नाही. मैदान उघडले नाही. व्यापाऱ्याने दुसरा निरोप पाठवला नाही. संघ परत आला नाही, आणि पुढच्या हिवाळ्यात कुलूप इतके गंजले, की किल्ली असती तरी ते उघडले नसते.

वृद्ध थकला, तशी दुपारची फेरी शिष्याकडे आली. मोजे विणणे त्याला नीट जमले नाही. दोरी मात्र तो पक्की शिवी. हल्ली तो घरी आईला हाक मारतो, तर शेजारच्या बायकांना ऐकू येत नाही. घेवड्याच्या ताटाशी तो समोर बसतो, आणि घण बिया निवडता निवडता विचारतो, "आज सामना आहे का?"

"नाही," तो हळूच म्हणतो. "आज सुट्टी."

"मग बरं."

ज्याच्या नावाने आपण घसा फोडतो, त्याचे घर कोणत्या आळीत आहे, एवढी चौकशी माणसाने करून ठेवावी.