अंबूताईंची एकशे ऐंशी पानं

वाघेरी नावाच्या गावात अंबूताई गुरव पिठाची गिरणी चालवायच्या. दळण चालू आणि मांडीवर पुस्तक उघडं, असा त्यांचा रोजचा शिरस्ता. गावच्या वाचनालयातली एकूण एक कादंबरी त्यांनी वाचून काढली होती. पुस्तक परत देताना ते कुठे फसलंय, हेही त्या ठासून सांगायच्या.

एकदा ग्रंथपाल निरगुडे गुरुजी वैतागून म्हणाले, "ताई, नावं ठेवणं सोपं असतं. एक लिहून दाखवा की."

अंबूताईंना ते झोंबलं. "दाखवते! येत्या एक तारखेपासून तीस दिवस. रोज सहा पानं. एकशे ऐंशी पानांची कादंबरी तुमच्या टेबलावर आणून ठेवते."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

गोष्ट त्यांच्या डोक्यात कधीची घोळत होती. नदीवर पूल होतो, नाव बंद पडते, आणि नावाडी व त्याची बायको काठावर नुसती बसून राहतात. पहिले दहा दिवस लेखणी भराभर धावली. साठ पानं झाली.

अकराव्या दिवशी अडलं. नावाड्याच्या बायकोला नवऱ्यापाशी एक गोष्ट कबूल करायची होती. एका पुरात नाव पाण्यात घालता आली नाही, दवाखाना पलीकडे राहिला आणि तिचं तान्हं मूल गेलं. म्हणून पुलाच्या अर्जावर पहिला अंगठा तिनेच उठवला होता. हे ती कोणत्या तोंडाने सांगेल? अंबूताईंना त्याचा विचार करायचीच भीती वाटू लागली.

त्या उठायच्या, पाणी प्यायच्या, पुन्हा बसायच्या. एक ओळ लिहायच्या आणि खोडायच्या. निवडलेले तांदूळ परत निवडायला घ्यायच्या. गिरणीचा पट्टा ठीक असताना त्यांनी तो उतरवून पुन्हा चढवला. चार दिवसांत कसंबसं एक पान झालं.

पंधराव्या दिवशी सकाळी ज्वारी दळायला आलेल्या द्वारकाने विचारलं, "ताई, किती झाली पानं?"

"चौऱ्याऐंशी," अंबूताई बोलून गेल्या. हिशेबाने तितकी व्हायला हवी होती.

आता बोललेलं निभावणं आलं. तो अवघड प्रसंग त्यांनी तसाच सोडला आणि नावाड्याच्या भाचीचं लग्न काढलं. पंगतीत काय काय वाढलं, त्याची पाच पानं. वऱ्हाडातल्या माणसांची नाती, त्याची आठ. अक्षर मोठं झालं, ओळी दूर दूर पडू लागल्या. सव्विसावा दिवस सरला तेव्हा पानं एकशे साठ झाली होती.

आकडा जुळला, पण जिवाची तगमग काही थांबेना. जेवताना घास हातातच राहायचा. नवरा भिकाजीराव साधं काही विचारायला आले तरी त्या खेकसायच्या. तीस तारखेला वाचनालयात शाल आणि नारळ देणार, असं गुरुजींनी जाहीर केलं, तेव्हापासून तर त्यांनी वाचनालयावरून जायचंच टाळलं.

सत्ताविसाव्या दिवशी दुपारी वीज गेली आणि गिरणी थांबली. अंबूताईंनी पानं पहिल्यापासून वाचायला घेतली. एकसष्टाव्या पानापर्यंत त्या नदीकाठी त्या बाईजवळच बसून होत्या. बासष्टाव्या पानावर त्यांना जांभई आली. सत्तराव्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. मग पानं बांधलेला दोरा सोडला आणि बासष्टपासूनचा सगळा गठ्ठा बाजूला काढला.

भिकाजीराव घाबरले. "अगं, दिवस किती उरलेत? कोण वाचतंय शेवटपर्यंत! जाड दिसली म्हणजे झालं."

"मी वाचलीय ना, अहो."

"गाव हसेल."

"हसू दे. हे असं घेऊन मला सत्काराच्या खुर्चीत बसवणार नाही."

त्याच दुपारी त्यांनी त्या बाईला बोलतं केलं. दोनदा त्या अंगणात जाऊन आल्या, पण दोन्ही वेळा परत येऊन बसल्या. तीस तारखेपर्यंत एकोणीस पानं झाली.

वाचनालय भरलं होतं. गुरुजी शाल घेऊन पुढे आले. अंबूताईंनी हातानेच त्यांना थांबवलं.

"एकशे ऐंशी म्हणाले होते. ऐंशीच आहेत, आणि कादंबरी अर्धी राहिलीय. गिरणीत तुम्हाला सांगितलेले आकडे खोटे होते."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. अंबूताईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गुरुजींनी शाल घडी करून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "झालंय तेवढं वाचा तरी."

अंबूताईंनी शेवटची पानं वाचली. नावाड्याची बायको चुलीपुढे बसून सगळं सांगते. नावाडी ऐकून घेतो, उठतो, आणि अंधारात नदीच्या वाटेला लागतो. तिथे अंबूताई थांबल्या.

द्वारकाने पदराने डोळे टिपत विचारलं, "ताई, परत येतो का हो तो?"

"ते मलाही बघायचंय," अंबूताई म्हणाल्या. "उद्या सकाळी बसते."

दुसऱ्या दिवशी त्या बसल्या. तगमग तशीच होती, मधेच उठून फेऱ्या मारणंही तसंच होतं. पण भिकाजीरावांवर त्या खेकसल्या नाहीत, आणि दुपारी घास घशाखाली उतरला. कादंबरी पुरी व्हायला पुढची होळी उजाडली.

तात्पर्य: स्वतःहून ठरवलेलं वेळेत पुरं झालं नाही, तर तसं सांगून पुढे काम करता येतं, पण आकडा गाठण्यासाठी स्वतःलाच फसवलं, तर काम पुरं होऊनही जिवाला स्वस्थता लाभत नाही.