टपावरचा लाल दिवा

इंदुलकर सरकारांच्या जुन्या स्पोर्ट्स गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून दस्तगीर मिस्त्रींनी हाताने गिअर टाकायचा बसवला. महिन्यातच क्लचप्लेट जळाली.

सरकार गॅरेजात येऊन चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "काम खोटं आहे. बापाच्या नावाचा बोर्ड उतरव."

मिस्त्रींनी नवी प्लेट टाकली. मग टपावर लाल दिवा लावून त्याची वायर क्लचच्या पेडलला जोडली.

"सरकार, समोरच्या मैदानाला एक फेरी मारा. गिअर बदलताना दिवा लागेल, पाय काढला की विझेल."

फेरी पुरी झाली. दिवा एकदाही विझला नव्हता. सरकार उतरले आणि तो विझला.

कुणी हसलं नाही.

मिस्त्री म्हणाले, "बोर्ड राहू दे, सरकार. डावा पाय तेवढा क्लचवरून उतरवा."