शिंपिणीचे टाके आणि बुलबुलाचे 'छान'

ओढ्याकाठच्या एका जंगलात एक बुलबुल राहत असे आणि त्याचा एक आवडता शब्द होता. तो शब्द म्हणजे 'छान'. कुणी काहीही दाखवले, की बुलबुल डोक्यावरचा तुरा हलवून "छान" म्हणे आणि पुढच्या फांदीवर उडून जाई. त्यामुळे, मुलांनो, तो सगळ्या जंगलाचा लाडका होता. 'छान' म्हणणारा कुणाला नको असतो?

त्या जंगलात उंबराच्या झाडावर म्हाताऱ्या धनेश गुरुजींचा वर्ग भरत असे. वर्ग होता घरटी बांधायला शिकण्याचा. गुरुजींनी स्वतः जन्मात एक काडी विणली नव्हती, ते आपले ढोलीत राहत. पण पडलेली घरटी त्यांनी इतकी पाहिली होती, की कुठले घरटे कशाने पडते हे त्यांना तोंडपाठ झाले होते. वर्गाचा रिवाज असा, की अंडी घालण्याआधी प्रत्येकाने आपले घरटे सोबत्यांना दाखवायचे आणि सोबत्यांनी त्याबद्दल चार शब्द सांगायचे. पाहणीच्या दिवशी गुरुजी सगळ्यांना पिकली उंबरे वाटत, म्हणून गैरहजर कुणीच राहत नसे.

त्या दिवशी पाळी होती शिंपिणीची, म्हणजे पान शिवून घरटे करणाऱ्या पक्षिणीची. अंगठ्याएवढा जीव, पण कामाला वाघ. तिने ओढ्यावर झुकलेल्या भोकराचे एक रुंद पान दुमडून, सावरीच्या कापसाचा धागा करून, चोचीच्या सुईने त्याची झोळी शिवली होती. दोन दिवस ती धड जेवलीही नव्हती. चार दिवसांत तिला अंडी घालायची होती आणि ही तिची पहिलीच वेळ होती.

"सांगा ना, कसं झालंय?" तिने विचारले.

आधी कोतवाल पक्षी बोलला. आपण फार स्पष्टवक्ते आहोत, असा त्याचा स्वतःबद्दल समज होता. लांबूनच दुभंगलेली शेपटी झटकून तो म्हणाला, "हे घरटं आहे का? पुडी बांधलीय नुसती. मोडून टाक."

"पण चुकलं कुठे?"

"सगळंच चुकलंय," असे म्हणून कोतवाल एका नाकतोड्यामागे उडाला आणि त्याला गट्ट करून परत फांदीवर येऊन बसला.

मग बुलबुलाची पाळी आली. त्याने तुरा हलवला. "छान," तो म्हणाला.

"काय छान आहे रे त्यात?" शिंपिणीने आशेने विचारले.

बुलबुलाला हे कुणी कधी विचारलेच नव्हते. तो गडबडला. "म्हणजे... एकंदरीत छान आहे."

शिंपिणीने कोतवालाकडे पाहिले, बुलबुलाकडे पाहिले. एक म्हणतो मोड, एक म्हणतो छान, आता करायचे काय, हे तिला कुणीच सांगितले नव्हते. तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि रागाच्या भरात ती एकेक टाका उसवू लागली. त्यातला सगळ्यात सुबक टाकाच तिने पहिला उसवला.

"थांब गं पोरी," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी आपली लांबलचक चोच दोघांकडे वळवली. "मला एवढंच सांगा, तुमच्यापैकी जवळ जाऊन कुणी पाहिलं?"

एकाने नाकतोडा पाहिला होता, दुसऱ्याने पुढची फांदी.

बुलबुलाला स्वतःची फार लाज वाटली. तो मुकाट्याने घरट्यापाशी गेला. त्याने आत डोके घालून टाके मोजले, मऊ कापूस गालाने चाचपला, मग पानाला हळूच लटकून पाहिले. तेव्हा वरून बारीकसा 'कट्' असा आवाज आला. त्याने मान वर केली, तर पानाचा देठ पिवळा पडलेला. म्हणजे पान पिकले होते. वाऱ्याचा एक झोत, की ते गळणार आणि आतली अंडी थेट ओढ्यात.

आता बुलबुलाची खरी पंचाईत झाली. हे सांगितले, तर शिंपीण रुसणार, कदाचित कायमची. आणि गोड बोलणारा म्हणून मिळवलेले नाव आज जाणार. पण न सांगता उडून जावे, तर ती तीन-चार अंडी त्याला झोपेतही दिसली असती.

"शिंपिणीताई, तुझे टाके इतके घट्ट आहेत की मी लटकलो तरी एकही सुटला नाही," तो म्हणाला. "आतला कापूसही मऊ आहे. पण हा देठ बघ, पिवळा पडलाय. हे पान आठवडाभरसुद्धा टिकेल असं मला वाटत नाही."

शिंपिणीने वर उडून देठ चोचीने हलवून पाहिला. "माझे दोन दिवस गेले," ती म्हणाली.

"पान जाईल, टाके तर तुझ्या चोचीत आहेत," बुलबुल म्हणाला. "धागा उसवू या, तोच पुन्हा वापरता येईल. मी मदत करतो."

कोतवाल मघापासून खाली मान घालून बसला होता. तो पुढे सरकून म्हणाला, "त्या खालच्या फांदीवर एक हिरवंगार पान आहे. झुडपाच्या आडोशाला आहे, वारा कमी लागेल. आणि तुम्ही शिवत असताना कावळा आला, तर त्याला मी बघून घेतो." कावळ्याला पळवून लावण्यात कोतवालाचा हात कुणी धरला नसता, त्यामुळे त्याच्या बोलण्याला आज प्रथमच वजन आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नवे घरटे तयार झाले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी अशी वावटळ उठली, की गुरुजींनीसुद्धा ढोलीबाहेर चोच काढली नाही. पिवळे पान गळून ओढ्यात पडले आणि वाहून गेले. हिरवे पान झोके घेत राहिले. पुढे त्यात तीन अंडी आली, अंड्यांतून तीन पिल्ले आली आणि जंगलभर एवढी चिवचिव झाली, की गुरुजींनी त्या दिवशी दुप्पट उंबरे वाटली.

पुढच्या पाहणीला बुलबुलाचे घरटे होते. त्याने ऐटीत तुरा हलवला आणि सवयीने सगळ्यांच्या 'छान'ची वाट पाहू लागला. शिंपिणीने घरट्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग आत जाऊन बसली.

"काठ फार सुरेख गोल आलाय," ती आतून म्हणाली. "पण तळ विरळ आहे. मला इथून खालचा ओढा दिसतोय."

बुलबुलाचा तुरा क्षणभर खाली बसला. मग तो तिच्या शेजारी येऊन वाकला. "कुठून दिसतोय? दाखव बरं."

तिने जागा दाखवली. येताना ती पंखाखाली थोडा कापूस घेऊनच आली होती.

तात्पर्य : न पाहता केलेली स्तुती आणि न पाहता काढलेली खोड, दोन्ही सारखीच निरुपयोगी. सोबत्याचे काम जवळून पाहावे, चांगले ते नेमके सांगावे, उणे ते प्रेमाने दाखवावे आणि ते भरून काढायला आपणही हात लावावा.