कर्जदार एक की पाच?

अंगात ताप असताना माझ्या बहिणीला, फुलाक्काला, मिटींग संपेपर्यंत का बसवून ठेवलं? हे मी सगळ्यांना विचारलं. वसुलीवाल्यानं वहीकडे बघितलं, बायकांनी जमिनीकडे.

त्याच तापानं आक्का गेली. तिचं तेरावं उरकलं नाही तोच कर्जवाल्या कंपनीचे मोठे साहेब, खोचरे, चुरमुऱ्याच्या भट्टीवर हजर! आक्का आणि चौघी, अशा पाच जणींनी मिळून भट्टीसाठी कर्ज घेतलेलं. दर मंगळवारी मिटींग. एकीचा हप्ता कमी पडला तरी कुणी उठायचं नाही, असा नियम.

"फुलाबाईचे अठ्ठावीसशे बाकी आहेत," साहेब म्हणाले. "चौघींनी भरा."

"अहो, ती गेली!" आनसाकाकू म्हणाली. चौघींत तीच थोरली. "दर हप्त्याला विम्याचे दहा रुपये कापता. कर्जदार मेला तर कर्ज माफ, हे तुम्हीच सांगितलंत!"

"मेला तर!" साहेबांनी कागद नाचवला. "यात लिहिलंय, पाच जणी मिळून कर्जदार एकच. चौघी जिवंत, म्हणजे कर्जदार जिवंत. तो मेलाय असं दाखवा, नाहीतर आज कढई उचलतो!"

कढई गेली तर चार घरं उपाशी. माझं डोकंच फिरलं. वाळूची चाळणी उचलून मी साहेबांवर धावलो! काकूनं मागून शर्ट धरला.

"साहेबाला चाळून काय निघणार आहे, बिरू? तोंडानं बोल की!"

मी चाळणी ठेवली. आक्काचं पासबुक खिशात होतं. ती गेल्यापासून तिथंच होतं. ते काढून हप्ते मोजले.

"साहेब, कर्जदार एकच ना?"

"एकच!"

"नक्की?"

"काळ्या दगडावरची रेघ!"

"मग एका कर्जदाराचे पाच विमे कसे? प्रत्येकीचे दहा रुपये कापलेत, ऐंशी हप्ते! एकीचे ठेवा, चौघींचे परत द्या. बत्तीसशे!"

साहेबांनी वसुलीवाल्याकडे बघितलं. त्यानं वहीत डोकं घातलं.

"त्यातनं आक्काचे अठ्ठावीसशे कापून घ्या," मी म्हणालो, "आणि आमचे चारशे इथं ठेवा!"

"छे, छे! विमा माणशी असतो. पाच जणी, पाच विमे!"

"मग कर्जदारही पाच! त्यातली एक गेली. तिचं माफ करा!"

साहेबांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. या खेपेला त्यातनं हसूच फुटलं. पोट धरून हसले!

"शाळा किती शिकलास रे?"

"तिसरी. दहाचा पाढा आला आणि पळालो."

आक्काच्या नावापुढं 'माफ' लिहून त्यांनी सही ठोकली. "बक्षीस माग! येतोस माझ्याकडं वसुलीला?"

"नको. एक नियम लिहून द्या. आजारी बाईनं मिटींगमधनं उठून घरी जायचं."

साहेबांचं हसू विरलं. पण त्यांनी तेही लिहिलं, खाली शिक्का मारला.

तो कागद मी भाताच्या खळीनं भट्टीच्या भिंतीला चिकटवला. मग आक्काचा झारा काढला. इतके दिवस मी तो कुणाला शिवू दिला नव्हता. राखेनं लख्ख घासला आणि आनसाकाकूच्या हातात दिला.