नदीकाठची हजेरी

एका नदीच्या अलीकडे एकदा एक शाळा होती, आणि तिच्या मुलांची सगळी माणसं नदीच्या पलीकडे राहत होती. वाड्या विखुरलेल्या, म्हणून मुलं शाळेतच राहत, शाळेतच जेवत आणि सणावारापुरती घरी जात. शेणाने सारवलेल्या लांबट खोल्या, चिंचेखाली एक चौथरा आणि एक वृद्ध गुरुजी. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्य होता. त्याच शाळेत शिकला आणि तिथेच शिकवायला राहिला. शाळेला धान्य पुरवणारा एक व्यापारीही होता. धान्य तो वर्षातून एकदा देई आणि त्याचं कौतुक रोज वसूल करी.

एका हिवाळ्यात शाळेत घटसर्पाची साथ शिरली. पोरांचे घसे सुजले, आवाज बसले, श्वास घरघरू लागले. तालुक्याहून डॉक्टर आले. त्यांनी सुया टोचल्या, आजारी मुलं वेगळ्या खोलीत काढली आणि बजावलं, "इथलं पोर तिकडे जाता कामा नये, तिकडचं माणूस इकडे येता कामा नये. वाड्यांत तान्ही बाळं आहेत."

यावर थोरांनी काय केलं? थोर जे नेहमी करतात तेच. होडी बांधून ठेवली आणि पलीकडे निरोप धाडला, "सर्व कुशल आहे, काळजी नसावी." हा निरोप खुद्द गुरुजींचा होता. लोक घाबरतील म्हणे! ज्याला आपली भीती झाकायची असते, तो कायम लोकांच्या भीतीचं निमित्त पुढे करतो. लोक काही मूर्ख नव्हते. सगळं कुशल आहे तर होडी का बांधली, असं त्यांनी एकमेकांना विचारलं. नदीही फार खोल नव्हती, छातीइतकं पाणी. एक बाप पहाटे पाण्यात उतरला आणि आपलं पोर खांद्यावर घालून घेऊन गेला. पोराबरोबर साथही गेली. थोड्याच दिवसांत त्या घरातलं पाळण्यातलं बाळ दगावलं. त्या बाळाला 'सर्व कुशल'ने मारलं. हे कुणाला कठोर वाटत असेल तर वाटू दे.

त्यानंतर गुरुजी बदलले, एवढं मात्र त्यांच्या पदरात घालायला हवं. म्हातारी माणसं सहसा बदलत नाहीत. जगाने बदलावं म्हणून वाट बघत बसतात.

बाळाची बातमी आली त्याच दिवशी ऊन कलल्यावर ते धडधाकट मुलांना घेऊन काठावर गेले. तळहात तोंडाभोवती धरून पलीकडे ओरडले, "शाळेत साथ आहे! मी कुशल म्हणून कळवलं, ते खोटं होतं! आजपासून रोज याच वेळी इथे हजेरी होईल. ज्याचं पोर त्याने आपल्या पोराचा आवाज ओळखावा!"

पलीकडून शिव्या आल्या. गुरुजींनी त्या उभ्याने ऐकून घेतल्या आणि पहिलं नाव पुकारलं.

त्या हजेरीच्या संध्याकाळी ज्यांच्या वाट्याला आल्या, ती माणसं अजून त्यांच्याविषयी बोलताना मध्येच थांबतात. साथीचे दिवस, आणि तरी आठवतं ते पाण्यावरचं तिरपं ऊन. पलीकडे गोधड्या पांघरून बसलेल्या बायका, कडेवरची पोरं, बिड्या विझवून कान टवकारलेले बाप. इकडून एकेक नाव सुटायचं आणि त्यामागून एकेक आवाज पाण्यावरून जायचा.

"गणपा उमाजी!"

"हजर! आये, माझी तांबडी कोंबडी इकू नगं!"

"इकली कवाच!" पलीकडून बाप ओरडे.

"न्हाई रं लेकरा!" आई ओरडे. "थट्टा करतोय मुडदा! खुराड्यात हाय तुजी कोंबडी!"

आणि दोन्ही काठ हसत.

जी मुलं आजारी होती त्यांच्या नावापुढे गुरुजी स्वतः बोलत. "सगुणा आत झोपली आहे. ताप आहे. सकाळी पेज प्यायली, दुपारी प्यायली नाही." एखाद्या बाईने विचारलं, "वाचंल का ओ पोर?" तर म्हणत, "ते मला माहीत नाही. डॉक्टर येतील तेव्हा विचारतो आणि उद्या इथूनच सांगतो." दुसऱ्या दिवशी आठवणीने सांगत. रडं व्हायचं, शिव्या व्हायच्या, पण पाण्यात कुणी उतरत नव्हतं.

अशात लिंबाजी तापाने आजाऱ्यांच्या खोलीत पडला आणि एका दुपारी त्याचा आवाजही गेला.

लिंबाजी हा कोंडाबाईचा एकुलता एक मुलगा. नवरा गेल्यावर तिने मोलमजुरी करून त्याला या शाळेत घातला होता. रोज हजेरीला ती सगळ्यांच्या पुढे, पाण्याला पाय लावून बसे. व्यापाऱ्याने शिष्याला बाजूला घेतलं.

"ती बाई ऐकायची नाही," तो म्हणाला. "पाण्यात उतरेल. ती उतरली की तिच्यामागे सगळी वाडी उतरेल. पोरं पळवतील, साथ पसरेल, वर माझ्या शाळेचं नाव जाईल."

"मग काय करायचं?"

"तिला आवाजच ऐकायचाय ना? आवाज द्या की! दाणा कुठल्या पोत्यातला, हे खाणारा विचारत नाही."

शिष्य वाईट नव्हता. कोंडाबाईचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला आणि तो विरघळला. लिंबाजीच्या वयाचं, साधारण तशाच आवाजाचं एक पोर त्याने मागच्या रांगेत उभं केलं. वर्गातल्या हजेरीला दुसऱ्याच्या नावावर ओ देणारी मुलं शाळेत असतातच. या तरुण मास्तरांनी ती विद्या त्यांच्याकडूनच उचलली.

"लिंबाजी कोंडिबा," गुरुजींनी नाव घेतलं आणि पुढचं सांगायला श्वास भरला. तेवढ्यात मागून आवाज आला, "हजर!"

पलीकडच्या बायका आनंदल्या. "ऐकलंस का गं? उठला तुजा लिंबा!" कोंडाबाई मात्र उभी राहिली आणि सरळ पाण्यात चालू लागली. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. तिच्यामागे दोन बाप्ये उतरले.

"थांबा!" गुरुजी ओरडले. "तो आवाज लिंबाजीचा नाही! लिंबाजी आत आहे. त्याचा घसा बसलाय, बोलता येत नाही. पण तो जिवंत आहे!"

कोंडाबाई पाण्यात उभी राहिली. "खरंच जित्ता हाय?"

"आत्ता त्याच्याजवळून उठून आलोय. जिवंत आहे."

"मग दुसरं पोर कशापायी उभं केलं?" तिचा आवाज फाटला. "मला वाटलं, गेला माजा लिंबा! मेल्याबिगर कुणी कुणाच्या नावानं वरडतं का?"

ती तिथेच, कमरेइतक्या पाण्यात, मोठ्याने रडली. मग मागे वळली. तिच्यामागचे बाप्येही वळले. पण पलीकडच्या काठावर गलका उठला होता. "मास्तर लोक खोटारडं! आमची तरी पोरं हायती का मेली?"

गुरुजींनी हात वर केला आणि हजेरी पुन्हा पहिल्या नावापासून सुरू केली.

ही हजेरी सोपी नव्हती. नुसत्या 'हजर'वर आता कुणाचा विश्वास नव्हता. पलीकडून आईबाप उलटतपासणी घेऊ लागले. "आपल्या म्हशीचं नाव सांग!" "तुला पोहायला कुणी शिकीवलं?" "मामाच्या लग्नात कुठं पडला व्हतास?" पोरंही ओरडून उत्तरं देत होती. "शेणाच्या खड्ड्यात!" एकेकाला वेळ लागत होता. सूर्य बुडाला, पाणी काळं झालं, तेव्हा शेवटचं नाव संपलं आणि पलीकडची माणसं उठली.

चौथऱ्यावर आल्यावर शिष्याचा बांध फुटला. "चारचौघांत माझी लाज काढलीत. तिला खरं सांगून झालं होतं, ती मागे फिरली होती. मग सगळ्या पोरांना पुन्हा का उभं केलंत? मला शिक्षा म्हणून?"

"नाही," गुरुजी म्हणाले.

"मी ते दयेपोटी केलं होतं."

"मीही 'कुशल आहे' दयेपोटीच कळवलं होतं. बाळ गेलं."

शिष्याची मान खाली गेली. गुरुजी पुढे म्हणाले, "तू एका मुलाचं 'हजर' खोटं केलंस, तेव्हाच सगळ्या मुलांचं 'हजर' खोटं झालं. प्रत्येक आईच्या मनात आलं, मग माझं तरी खरं कशावरून? ते पुन्हा खरं करायला पहिल्या नावापासूनच यावं लागतं, मधून येता येत नाही. आणि एक लक्षात ठेव. ही माणसं नदीने अडवलेली नाहीत. छातीइतकं पाणी आहे. आईला ते काय अडवणार? ती आपल्या शब्दावर थांबली आहेत. उद्या हजेरी तू घे."

दुसऱ्या दिवशी शिष्य काठावर उभा राहिला. लिंबाजीच्या नावापाशी त्याची जीभ अडखळली. पाण्याला पाय लावून कोंडाबाई बसलीच होती.

"लिंबाजीचा श्वास दुपारपासून जड झालाय," तो ओरडला. "डॉक्टरांकडे माणूस गेलाय, अजून परत आला नाही. पुढचं मला माहीत नाही."

पलीकडे कुणी हललं नाही. कोंडाबाई गुडघ्यांवर हात ठेवून बघत राहिली. आता ती उतरते, असं शिष्याला वाटलं.

"निजवलाय कसा त्येला?" तिने विचारलं.

"पाठीवर."

"अवं मास्तर, पाठीवर न्हाई निजत त्यो! उजव्या कुशीवर घाला. आन् पाठीवनं हात फिरवा, जरा दाबून. त्येचा बाप फिरवायचा तसा. मग डोळा लागतो त्येचा."

हजेरी संपताच शिष्य धावत आजाऱ्यांच्या खोलीत गेला. लिंबाजीला त्याने उजव्या कुशीवर घेतलं आणि पाठीवर दाबून हात फिरवत बसला. घरघर काही थांबली नाही. पण पोराची मूठ सैल झाली आणि दिवसभर सताड उघडे असलेले त्याचे डोळे मिटले. दिवेलागणीला डॉक्टर आले, त्यांनी सुई टोचली. पुढे लिंबाजी वाचला, तो त्या सुईने. पण डॉक्टर येईपर्यंत तो झोपला, ते आईच्या निरोपाने.

हात फिरवता फिरवता शिष्याच्या ध्यानात आलं, की इतके दिवस आपण समजत होतो, सांगणारे आपण आणि ऐकणारे ते. पोराला काय लागतं, हे शिष्याला स्वतःला कुठे ठाऊक होतं? ते पलीकडेच होतं, आणि खोट्या 'हजर'ने तो नेमका तेच यायची वाट बंद करत होता.

आता त्या नदीवर पूल आहे. शाळाही पक्की झाली आहे, आणि निरोप बोट टेकवलं की घरोघर पोचतो: "सर्व विद्यार्थी सुरक्षित आहेत, अफवांवर विश्वास ठेवू नये." हुशार, थोर माणसं बसून तो लिहितात. संध्याकाळी काठावर मात्र कुणी नसतं.

घरच्यांना खरं सांगा. लेकराला कुठल्या कुशीवर झोप लागते, हे त्यांनाच ठाऊक असतं.