गिरजाईच्या डोहातल्या घागरी

तीन रात्री शलाकाचा डोळा लागला नव्हता. कारण एकच, सहा वर्षांच्या मनवाचा श्वास. छातीत शिट्टी वाजते की नाही, बरगड्यांखाली खड्डा पडतो की नाही. "बाळदमा आहे, मोठी होईल तसा कमी होईल," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शलाकाने त्यातला पहिला अर्धा भाग तेवढा घरी आणला होता. आणि आता जीवशास्त्राची ही एमएस्सी मनवाला घेऊन नवस बोलायला गिरजाईच्या डोहावर आली होती. पिशवीत एका बाजूला दम्याचा पंप, दुसऱ्या बाजूला डोहातल्या माशांसाठी डबाभर भात. आपला नेमका विश्वास कशावर, हे तिने स्वतःला विचारायचं टाळलं.

काठच्या कातळावर तांब्याच्या घागरी ओळीने पालथ्या घातलेल्या होत्या.

"भात पाण्यात नाही टाकायचा हां, ताई," शेवंताआत्यांनी अडवलं. डोहाची राखण त्यांच्या घराकडे. आल्यागेल्याला इथली हकीकत त्याच सांगत. "घागर भरायची, डोक्याएवढी उंच धरायची आणि ओतायची. एकवीस वेळा."

"डोहातलंच पाणी परत डोहात?"

"हो तर. लोक आम्हाला येडी म्हणतात. म्हणू द्या."

मग आत्या कातळावर टेकल्या आणि सांगू लागल्या.

फार पूर्वी गाव या माशांना गिरजाईची लेकरं मानून भात घालत असे. गावात सोनाई नावाची बाई होती म्हणे. तिची लेक यमी जन्मापासून धापा टाकणारी. सोनाईने नवस बोलला, माझ्या पोरीला श्वास दे, दर सोमवारी तुझ्या लेकरांना पायलीभर भात घालीन. यमीला उतार पडला. ते बघून गावातल्या साऱ्या आया पायलीपायलीने भात घालू लागल्या.

त्या वर्षी वैशाखात नदीची धार तुटली. डोह तेवढा उरला, कोमट, हिरवट, तळाशी भात कुजत असलेला. एका सकाळी सगळे मासे वर आले आणि तोंडं उघडझाप करू लागले. गाव म्हणालं, लेकरं भुकेली आहेत, घास मागताहेत. आणखी भात पडला. दुसऱ्या दिवशी चाळीस मासे पांढरी पोटं वर करून तरंगले. गाव रडलं आणि त्याहून मोठी चूल पेटवली.

सोनाई मात्र गुडघाभर पाण्यात उभी राहून बघत राहिली, असं सांगतात. माशांच्या गालांमागची कल्ल्यांची झापडं भराभरा हलत होती. तो घाईचा ताल तिने आजवर एकाच ठिकाणी पाहिला होता, स्वतःच्या मांडीवर.

"ही भूक नव्हं," ती ओरडली. "ह्यांना दम लागलाय!"

मासा तोंडाने घेतलेलं पाणी कल्ल्यांवरून सोडतो, त्यात विरघळलेला प्राणवायू रक्तात ओढतो, रक्तातला नको तो वायू पाण्याला देऊन टाकतो, हे शलाकाला पाठ होतं. कुजणारं अन्न तोच प्राणवायू संपवतं, हेही. उत्तरपत्रिकेत पैकीच्या पैकी गुण होते. सोनाईच्या जागी आपण असतो तर? भातच घातला असता, बहुधा.

"पण भात थांबवला तर नवस मोडतो," आत्या म्हणाल्या. "सासूनं बजावलं, देवी पोरीचा श्वास परत नेईल. 'पोटच्या पोरीवर उठलीस का गं, भवाने?' दुपारपर्यंत सोनाई भाताची टोपली मांडीवर घेऊन काठाला बसली. घालवंना आन् फेकवंना."

शेवटी तिने टोपली रानात नेऊन कावळ्यांपुढे उलटी केली. जिथं धार पडून फेस येतो तिथं मासे तरतरीत असतात, एवढं तिला ठाऊक होतं. तिने घागर उचलली आणि उंचावरून पाणी सोडलं. फेस उठला, मासे त्याखाली गोळा झाले. एकविसाव्या घागरीला तिचे हात गळाले. तेव्हा घागर उचलली ती सासूनेच. मग गावातल्या बाया पाण्यात उतरल्या, तळचा कुजका भात ओंजळींनी काढला आणि नदी पुन्हा वाहती होईपर्यंत आळीपाळीने पाणी ओतत राहिल्या.

आजही या डोहात अन्नाचा कण पडत नाही. आजही लेकराच्या जिवाला घोर लागलेली आई इथं येऊन एकवीस घागरी ओतते.

"आणि यमी?" शलाकाने विचारलं. "तिचं काय झालं?"

"नातवंडं खेळवून गेली म्हणे."

"म्हणजे दमा गेला?"

आत्यांनी पदराने तोंड पुसलं. "नाही, बाई. वैशाखात धाप लागायचीच. खोटं कशाला सांगू?"

शलाकाला याहून जास्त हवं होतं. तरी तिने डबा पिशवीत ठेवला आणि घागर उचलली. एकविसावी ओतून झाली तेव्हा खाली माशांच्या काळ्या पाठी फेसात सळसळत होत्या. मनवा काठावर ओणवी होऊन बघत होती. शलाकाची नजर आपोआप तिच्या बरगड्यांवर गेली. एक, दोन, तीन...

"मनू, नीट श्वास घे बघू. खोल."

मनवाने वळून तिच्याकडे पाहिलं.

"मी घेतेय, आई," ती म्हणाली. "तूच धरून ठेवलायस."